आता तुम्ही बोला

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त मुक्त शाळेच्या ओळखपत्रापुरतं उरलं होतं. आत्याकडे राहायची तेव्हा सकाळी डोळे उघडताच जी बडबड सुरू व्हायची, ती दिवा मालवल्यावरही थांबायची नाही. आत्या कानांवर उशी दाबून म्हणायची, "हिची टकळी बंद करायचं बटण कुठंय गं बाई?" तेव्हापासून ती टकळी. गंमत अशी, की बाबांच्या पंपघरावर राहायला आल्यापासून ती दिवसाला बोलत होती ते शब्द एका पोस्टकार्डावर मावले असते. त्यातलेही निम्मे मांजराला. नंतर मांजरही कंटाळून निघून गेलं.

पंपघर होतं तळं आणि शहर यांच्या बरोबर मध्यावर. तळ्यातलं पाणी मोठ्या नळातून शहराकडे निघायचं, पण वाट एवढी लांब की अर्ध्यावर येईतो दमून जायचं. त्याला मागून ढकलायला हा पंप. पंपाला सांभाळायला बाबा. आणि बाबांना सांभाळायला, आई ती लहान असतानाच गेल्यामुळे आणि आत्या आपल्या मुलाकडे दूरदेशी राहायला गेल्यामुळे, टकळी. आजूबाजूला सपाट माळ, तारेचं कुंपण, उंच टाकी आणि क्षितिजापर्यंत सरळ गेलेला नळ. नळाकडे पाहिलं की वाटायचं, हाही आपल्यासारखाच, कुणाशी काही न बोलता नुसता पडून आहे.

बाबा मुळातच शब्दाला महाग. त्यात पंपाचा आवाज असा, की कानांवर जाड इअरमफ चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. त्यामुळे पंपघरातली सगळी बोलणी हातांनी चालायची. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. हात छातीपाशी आडवा धरला की टाकी अर्धी. डोक्यावर धरला की भरली. सगळ्यात महत्त्वाची खूण पंप बदलतानाची. तेव्हा बाबा पॅनेलपाशी उभे राहायचे आणि टकळी व्हॉल्व्हच्या चाकापाशी. बाबा तळहात वर करायचे, म्हणजे, तयार? टकळी अंगठा दाखवायची, म्हणजे, तयार, करा सुरू. तिचा अंगठा दिसेपर्यंत बाबा बटणाला हात लावायचे नाहीत, मग वरून साहेबांचा कितीही तातडीचा निरोप आलेला असला तरी.

हे सगळं ठीक होतं. अडचण एवढीच, की बाबा घरी आले तरी हातांनीच बोलायचे. मीठ हवं तर चिमूट दाखवायची, जेवण झालं की तळहात पालथा. टकळी कधी मुद्दाम विचारायची, "बाबा, आज काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणायचे. तेही अशा घाईने, जणू कुणी त्यांना रस्त्यात अडवून पत्ता विचारला आहे.

शाळा एवढ्या लांब होती की तिथवर पोचेतो सुटायची वेळ व्हावी. म्हणून मुक्त शाळा. मुक्त शाळा म्हणजे काय, तर शाळा असते, पण तिला भिंती नसतात, घंटा नसते, आणि डबा खाताना शेजारी कुणी नसतं. पुस्तकं येतात, टॅबवर धडे येतात, स्वाध्याय पाठवले की कुठूनतरी लाल शेरे मारून परत येतात. तिचा एक निबंध एका बाईंनी तपासला होता आणि खाली लिहिलं होतं, 'छान. आणखी वाचायला आवडलं असतं.' टकळीने ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी तिला वाटायला लागलं, आपणच ते लिहिलंय.

बाकी विषयांत ती बरी होती. गणितात तर उत्तमच, कारण गणिताला गप्प माणूस चालतो. घोडं अडलं होतं ते 'भाषा आणि संवाद' या विषयाच्या तोंडी परीक्षेवर. दहावीची परीक्षा पार पडली की शहरातल्या कॉलेजात प्रवेश आणि मुलींच्या वसतिगृहात जागा नक्की, असं शाळेने कळवलं होतं. पण तोंडी परीक्षा नापास तर सगळंच नापास, आणि आणखी एक अख्खं वर्ष इथे, नळाशेजारी. एखाद दिवशी आपण बोलायचंच विसरून जाऊ आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं तिला वाटायचं.

तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी टॅबवर एक सराव-संच होता. त्यात एक मुलगी बोलायची. चेहरा नाही, नाव नाही, नुसता आवाज. टकळी तिला 'पलीकडची' म्हणायची. पलीकडची एक वाक्य बोलायची, मग बारीक टिंग वाजायचं, मग ती म्हणायची, "आता तुम्ही बोला," आणि तुमच्यासाठी थोडी शांतता सोडायची. तेवढ्यात तुम्ही पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात आलेलं आपलं वाक्य म्हणायचं. मग ती पुढचं बोलायची. नंतर नंतर "आता तुम्ही बोला" येणं बंद व्हायचं, फक्त टिंग राहायचं. प्रसंग होता गाडीच्या प्रतीक्षागृहातला.

"नमस्कार. इथे कुणी बसलंय का?" टिंग.

"नाही, कुणी नाही. बसा ना."

"आभारी आहे. आज गर्दी जरा जास्तच आहे, नाही?" टिंग.

"हो. सुट्ट्या लागल्यात ना."

"तुम्ही कुठे निघालात?" टिंग.

"बहिणीकडे. आणि तुम्ही?"

असं बरंच पुढे, थेट "अगंबाई, माझी गाडी आली. भेटू पुन्हा" पर्यंत. पलीकडची "अगंबाई" म्हणताना किंचित हसायची. टकळीला ते हसू फार आवडायचं. सुरुवातीला ती अगदी शहाण्या मुलीसारखी उत्तरं द्यायची. मग कंटाळा आला तेव्हा एकदा "इथे कुणी बसलंय का?" वर ती म्हणाली, "हो, हत्ती बसलाय." पलीकडची लगेच म्हणाली, "आभारी आहे." टकळी पोट धरून हसली. हसून झाल्यावर खोलीत एकदम इतकं शांत झालं की तिने संच पुन्हा पहिल्यापासून लावला. मग एकदा "तुम्ही कुठे निघालात?" वर ती खरंच सांगायला लागली, की मी कुठेच निघालेली नाहीये, मला निघायचंय पण निघता येत नाहीये, आणि तुला खरं सांगू का... पण टिंगनंतरची शांतता संपली होती आणि पलीकडची मध्येच म्हणत होती, "मी परीक्षेला चाललेय. फार भीती वाटतेय बघा."

"मलाही," टकळी म्हणाली. हे मात्र बरोबर जागेवर बसलं.

परीक्षेची पद्धत शाळेने कळवली. पडद्यावरून होणार, आणि जोडीने होणार. दोन उमेदवार, एकमेकांना कधीही न पाहिलेले, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातले, कुठल्याही वयाचे. प्रसंग दिला जाईल, त्यावर आपापल्या मनाने बोलायचं. परीक्षक मध्ये बोलणार नाहीत. संवाद झालाच नाही तर दोघंही नापास.

"म्हणजे खऱ्या माणसाशी बोलायचं," टकळी लाईनवाल्या काकांना म्हणाली. लाईनवाले काका म्हणजे आठवड्यातून एकदा मोटारसायकलवरून नळ तपासत येणारे आणि येताना अंडी, ब्रेड, साबण आणि गावभरच्या बातम्या आणणारे गृहस्थ.

"त्यात काय एवढं? माझ्याशी कर की सराव. मी काय खोटा माणूस आहे?"

"बरं. मी प्रतीक्षागृहात बसलेय. तुम्ही येता."

"मी येतो. अगं, प्रतीक्षागृहावरून आठवलं, माझा साडू आहे ना, तो एकदा असाच बसला होता, बरोबर ट्रंक, ट्रंकेत कोंबडी..."

कोंबडी ट्रंकेतून निघून गाडीत शिरली, गाडीतून उतरली, साडूचं लग्न मोडलं, पुन्हा जमलं, आणि काकांची मोटारसायकल सुरू झाली तरी टकळीला तोंड उघडायला फट मिळाली नव्हती.

"बघ, जमतंय की तुला," काका हेल्मेट घालत म्हणाले. "लोक उगाच म्हणतात पोरगी घुमी झाली."

मग तिने बाबांना धरलं. बाबा बिचारे समोर खुर्चीत बसले, हात गुडघ्यांवर, जणू फोटो काढायचा आहे.

"तुम्ही सुरुवात करा बाबा."

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी हळूच तळहात वर केला.

"असं नाही हो. तोंडाने."

"तोंडाने काय?" बाबा म्हणाले, आणि एवढं बोलूनच त्यांना घाम फुटला. टकळीला हसू आलं आणि लगेच कसंतरीच झालं. तिने विषय बदलून टाकीची पातळी विचारली. त्यावर मात्र बाबा चक्क दोन-तीन वाक्यं सलग बोलले.

परीक्षेच्या दिवशी ती सकाळपासून नियंत्रण-खोलीत जाऊन बसली, कारण खात्याची इंटरनेटची लाईन तिथेच होती. फोनला रेंज तर फक्त टाकीच्या माथ्यावर यायची, आणि टाकीवर चढून कुणी परीक्षा देत नाही. पंप बंद ठेवणं शक्य नव्हतं, शहराला पाणी लागतंच. तेव्हा बाबांनी कालच कपाटातल्या जुन्या सगळ्या चादरी आणि दोन गाद्या काढून मधल्या दाराला आतून खिळ्यांनी ठोकल्या होत्या. आवाज मेला नाही, पण लांब गेला. आता बाबा बाहेरच्या दाराशी उभे होते, इअरमफ गळ्यात. त्यांनी तळहात वर केला.

टकळीने अंगठा दाखवला. बाबांनी दार ओढून घेतलं.

पडदा उजळला. एका कोपऱ्यात परीक्षक बाई, चष्मा, मागे पांढरी भिंत. दुसरीकडे एक मोठ्या बांध्याचे, पांढऱ्या अॅप्रनमधले गृहस्थ, दाढी नीट विंचरलेली. त्यांच्यामागे स्टीलची भिंत होती आणि एका दांडीवर टांगलेले वाढायचे डाव सगळे मिळून सावकाश एका बाजूला झुकत होते, पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकत होते.

"हे मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहेत," परीक्षक बाई म्हणाल्या. "आणि ही विद्यार्थिनी, पंपघरावर राहते. प्रसंग असा: प्रतीक्षागृह. तुमची ओळख नाही. मोकळेपणाने बोला. वेळ आता सुरू."

टकळी सरसावून बसली. मान किंचित कलती, कान टवकारलेले, ओठ तयार. आणि ती वाट पाहू लागली.

समोर स्वयंपाकीही सरसावून बसले होते.

डाव डावीकडे झुकले. उजवीकडे झुकले.

हे बोलत का नाहीत? विसरले का? की मी आवडले नाही? स्वयंपाक्यांच्या कपाळावर घामाचा थेंब आला, पण ते तसेच बसून होते, अगदी लक्ष देऊन, नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, मान किंचित कलती. ती मान टकळीने ओळखली. ती तिची स्वतःचीच मान होती. टॅबसमोर बसून टिंगची वाट बघणाऱ्या माणसाची मान.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेही अलीकडचेच. त्यांनीही वर्षभर फक्त उत्तरंच दिली आहेत. पहिलं वाक्य म्हणायला त्यांना कुणी कधी शिकवलंच नाही, आणि मलाही नाही. आम्ही दोघं जन्मभर असे बसून राहू आणि दोघंही नापास होऊ.

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. घसा खाकरला. नियम नियमच, त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात पेनाकडे गेला.

पलीकडून कुणी बोलणार नव्हतं. म्हणजे आता पलीकडे कुणीतरी जायला हवं होतं. टकळीने डोळे मिटले.

"नमस्कार," ती म्हणाली. "इथे कुणी बसलंय का?"

स्वयंपाक्यांचा चेहरा असा उजळला, जणू कुणी भट्टीचं झाकण काढलं. "नाही, कुणी नाही. बसा ना."

"आभारी आहे. आज गर्दी जरा जास्तच आहे, नाही?"

"हो. सुट्ट्या लागल्यात ना."

"तुम्ही कुठे निघालात?"

"बहिणीकडे. आणि तुम्ही?"

शब्दाला शब्द. आपण रिकाम्या खोलीत म्हणायचो ती सगळी वाक्यं कुणीतरी दुसऱ्याच तोंडाने, जाड्या, खरखरीत आवाजात म्हणत होतं, आणि ती पलीकडून ऐकत होती. असे किती जण असतील? किती घरांत, कुठल्या कुठल्या भिंतींसमोर, सगळे एकाच वेळी म्हणत असतील, 'बहिणीकडे. आणि तुम्ही?' आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसेल.

ती 'अगंबाई'पर्यंत पोचली. किंचित हसलीसुद्धा, अगदी पलीकडचीसारखं. मग गाडी आली आणि वाक्यं संपली.

"हा सराव-संच आहे," न राहवून परीक्षक बाई म्हणाल्या. "पाठ केलेलं धरता येणार नाही. वेळ शिल्लक आहे. तुमचं तुम्ही बोला."

पुन्हा शांतता. गादी ठोकलेल्या दारामागे पंप घुमत होता, आणि पडद्यातूनही तसंच काहीतरी जाड, अखंड येत होतं.

"तुमच्यामागे काय वाजतंय?" तिने विचारलं.

स्वयंपाक्यांनी मागे वळून पाहिलं. "कुठे? काही नाही... अरे हां. इंजिन. मला ऐकूच येत नाही आता."

"आमचा पंप. मलाही ऐकू येत नाही. फक्त बंद पडला की ऐकू येतो."

"बंद पडल्यावर ऐकू येतो," स्वयंपाकी सावकाश म्हणाले. "हे कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. बंदराला लागलो ना, की मला झोप येत नाही. सगळी पोरं उतरून गावात जातात, आणि मी पडल्या पडल्या ते बंद इंजिन ऐकत बसतो."

"तुम्ही नाही जात गावात?"

"जाऊन बोलू कुणाशी? दर बंदरात भाषा वेगळी." ते थोडे पुढे झुकले. "एक विचारू? तू उत्तरं कुणाला द्यायचीस?"

"भिंतीला. आधी मांजर होतं. तुम्ही?"

"कांद्यांना. सोलता सोलता."

"मग? काय म्हणायचे कांदे?"

"रडवायचे. दुसरं काय करणार ते."

टकळी फिसकन हसली. "मी एकदा तिला सांगितलं, इथे हत्ती बसलाय."

"मी सांगितलं, कॅप्टन बसलाय आणि उठत नाहीये."

"तरी आभारी आहे म्हणाली?"

"तरी म्हणाली," स्वयंपाकी म्हणाले, आणि त्यांचं पोट अॅप्रनखाली गदगदलं. परीक्षक बाईंनी खाली मान घालून काहीतरी लिहिलं. बहुतेक त्याही हसत होत्या.

मग टकळी कशी सुटली म्हणता. तिने नळ सांगितला, माळ सांगितला, बाबा सांगितले, हातांच्या खुणा करून दाखवल्या. चहाची खूण स्वयंपाक्यांना इतकी आवडली की त्यांनी ती लगेच उचलली. पास झाले तर त्यांना किनाऱ्यावर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळणार होतं. "दिवसभर पोरांचा गलका," ते म्हणाले, जणू एखाद्या बागेचं वर्णन करत आहेत.

"मी शहरात जाणार. कॉलेज. वसतिगृहात एका खोलीत चार चार मुली."

"वा. आणि मग घरी तुझ्या बाबांना पलीकडून बोलायला..."

टिंग.

"वेळ संपली," परीक्षक बाई म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत टकळीला आपलाच चेहरा दिसला. तोंड उघडं होतं.

ती पास झाली. चांगल्या गुणांनी. स्वयंपाक्यांचं काय झालं हे तिला कळलं नाही. शाळेला विचारलं तर दुसऱ्या उमेदवाराची माहिती देता येत नाही असं उत्तर आलं. एक माणूस तिच्या आयुष्यात आला होता, पोटभर बोलला होता आणि समुद्रात नाहीसा झाला होता. वाक्य मात्र अर्धं टाकून गेला होता, आणि ते तिच्या कानातून निघेना.

ती बाबांकडे बघू लागली. आजवर तिला वाटायचं, इथे एकटी आहे ती मीच. बाबा काय, बाबा पंपाबरोबर असतात. आता तिला दिसलं, की बाबा जेवताना तिच्या ताटाकडे बघत बघत जेवतात. ती खोलीत आली की गळ्यातले इअरमफ काढून ठेवतात, काही बोलायचं नसलं तरी. काही बोलणं होतच नाही, मग ते पुन्हा गळ्यात अडकवतात.

"जा," ती निघायची बोलणी काढली की ते एवढंच म्हणायचे. आणि हाताने पाणी पुढे ढकलल्यासारखी खूण करायचे.

निघायच्या आधीच्या आठवड्यात टकळीने बाबांचा जुना फोन घेतला आणि नियंत्रण-खोलीत, गाद्यांच्या आडोशाला जाऊन बसली. त्यात आपला आवाज रेकॉर्ड करत तिने एक संच तयार केला. पलीकडून आता तीच बोलत होती.

"बाबा, जेवलात का?" टिंग. टिंग तिने तोंडानेच केलं. मग शांतता. बाबा किती वेळाने 'हो' म्हणतात ते तिला पाठ होतं, तेवढी थांबली.

"काय जेवलात?" टिंग.

"आज काय झालं?" टिंग. इथे ती नावालाच थांबली. उत्तर ठरलेलं, काही नाही.

"टाकीची पातळी कशी आहे?" टिंग. इथे मात्र तिने ऐसपैस जागा सोडली, कारण हाच एक विषय होता ज्यावर बाबा मनापासून बोलायचे. बसून राहिली. त्या शांततेत ती एकटीच होती आणि पंप घुमत होता. कुणासाठी तरी रिकामी जागा सोडून बसणं किती विचित्र असतं, हे तिला तेव्हा कळलं. पलीकडचीलाही असंच बसावं लागलं असेल. काचेच्या एखाद्या खोलीत, कधी न दिसणाऱ्या माणसांसाठी, तोंड मिटून.

"अगंबाई, माझी गाडी आली," ती शेवटी म्हणाली. "भेटू पुन्हा." हसायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

फोन तिने बाबांच्या उशाशी ठेवला आणि काय ते हातांनीच सांगितलं: हे दाबायचं, ऐकायचं, बोलायचं. बाबांनी फोन उलटसुलट करून पाहिला. "बरं," म्हणाले.

वसतिगृहात खरंच एका खोलीत चौघी होत्या. बाकी तिघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलायच्या, हसण्यावर हसायच्या, एकीचं वाक्य दुसरी संपवायची. टकळी कॉटवर सरसावून बसायची, मान किंचित कलती. टिंग काही वाजायचं नाही. फट दिसेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. "ही किती शांत आहे ना," एक जण दुसरीला म्हणाली, टकळीच्या समोरच, जणू ती खिडकीबाहेरचं झाड आहे. रात्री सगळ्या झोपल्या की तिला पंप ऐकू यायचा. बंद पंप.

रविवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे वारा होता, भरपूर वारा. म्हणजे बाबा टाकीच्या माथ्यावर चढले होते. त्यांचा श्वास फुलला होता.

"बाबा? काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक." वारा. "ते तुझं यंत्र."

"चालत नाही का?"

"चालतं. रोज लावतो." बाबा थांबले. टकळीही थांबली. "त्यात ते पातळीचं आहे ना, तिथे एवढी जागा कशाला सोडलीस? ठीक म्हटलं की झालं. मग तू आपली गप्प बसून राहतेस. मला वाटतं, रागावलीस की काय."

"बरं," टकळी म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि काय काय येत होतं. "ती कमी करते."

"आणि त्याच्या आधीचं. आज काय झालं, ते."

"हो."

"तिथे जागा पुरत नाही," बाबा म्हणाले. "मी सांगत असतो, आणि तू पुढे जातेस."

टकळी जिन्याच्या पायरीवर खाली बसली. वरून मैत्रिणींपैकी कुणीतरी हाक मारली, काहीतरी खायला आणलंय म्हणे, लवकर ये. तिने न वळताच तळहात मागे करून हलवला, थांबा म्हणून.

"बाबा," ती म्हणाली, "आज काय झालं?"

टाकीवरचा वारा ऐकू येत होता. खूप वेळ तेवढाच ऐकू येत होता. टकळीने फोन कानाशी घट्ट धरला, आणि रिकाम्या जिन्यात, कुणाला दिसणार नव्हता तरी, अंगठा वर केला.